तिकडचा रकाना

“ताई, तिकडे काय करून राहिले असतील?”

दुकानात आले की नाकेदार हेच विचारत. नमस्कार नाही, बसू का नाही. चपला बाहेर काढायच्या, खाकी टोपी गुडघ्यावर ठेवायची, तिच्यावर नसलेली धूळ दोनदा झटकायची आणि मग हा प्रश्न. तिकडे म्हणजे कुठे, ते त्या त्या महिन्यावर असे. कधी केनिया, कधी नेपाळ. एक अख्खा पावसाळा फिनलंड चाललं होतं.

माझं दुकान गोंदियाजवळच्या गोरेगावला, बस स्टँडच्या समोर. झेरॉक्स, टायपिंग, सातबारा, परीक्षेचे फॉर्म, रेल्वेचं तिकीट. त्याआधी मी काही वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात तासावर इंग्रजी शिकवलं. तासावरच्या नोकरीचं पुढे काय होतं, ते तुम्हाला ठाऊक असेल. तास संपले, मी मशीन घेतलं. इंग्रजी तेवढं अंगावर उरलं होतं. त्याला आमच्या गावात एकच गिऱ्हाईक मिळालं, ते हे.

आमच्याकडे वनरक्षकाला नाकेदार म्हणतात. त्याला नाव असतं, पण ते पगाराच्या कागदावर. मीही ते इथे घेत नाही. त्यांनी स्वतः कधी घेतलेलं मला आठवत नाही. फोन केला तरी “नाकेदार बोलून राहिलो” म्हणायचे, निवृत्त झाल्यावरसुद्धा.

पहिल्यांदा आले तो बाजाराचा दिवस होता. दुकानात दाटी. ते बाकावर बसून राहिले. शेवटचा माणूस गेल्यावर उठून काउंटरपाशी आले आणि कुणी ऐकत नाही ना, असं मागे वळून पाहिलं.

“इंग्रजीत चिठ्ठी लिहून पाहिजे.”

“कोणाला?”

“तिकडच्या नाकेदाराले.”

“तिकडच्या म्हणजे कुठल्या?”

“कुठलाबी चालते. जंगल पाहिजे फक्त.”

मी विचारलं, तुमच्या साहेबांची परवानगी आहे का. त्यांना प्रश्नच पटला नाही.

“नाकेदार नाकेदाराले चिठ्ठी लिहिते. त्यात साहेब कायले?”

मग कारण सांगितलं. एका प्रशिक्षणाला गेले होते. बाहेरून आलेल्या एका साहेबांनी पडद्यावर देशोदेशीची राखीव जंगलं दाखवली. जीपगाड्या, हेलिकॉप्टर, झाडाला बांधलेले कॅमेरे. शेवटी विचारलं, काही शंका? सगळा हॉल जेवणाच्या वासाने अर्धा उठलेला. हे उभे राहिले. म्हणाले, “साहेब, या फोटोतल्या नाकेदाराचं गाव कुठे आहे? जंगलाच्या आत की बाहेर?” हॉल हसला. साहेब म्हणाले, विषयाला धरून विचारा.

“मंग मी बसलो,” नाकेदार म्हणाले. “पण ताई, विषय तोच होता.”

तो विषय मला दीड वर्षाने समजला. तुम्हाला आधीच सांगते, म्हणजे पुढचं सगळं सरळ लागेल.

त्यांचं गाव दरेकसाच्या डोंगराकडचं. आई लवकर गेली. मोठ्या बहिणीने वाढवलं. तिने लग्न केलं नाही, मोहफुलं वेचली, तेंदूपत्ता तोडला आणि याला दहावीपर्यंत शिकवलं. नोकरी लागली ती जंगलखात्यात. फिरत फिरत एकदा नेमणूक आली ती थेट घरच्याच जंगलात.

मोह ज्यांनी वेचलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. फाल्गुनात मोहाची पानं झडतात आणि मागोमाग फूल पडू लागतं. पहाटे पडलेलं फूल वाळक्या पाल्यात हरवतं. म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवून देतात. जमीन साफ होते, फूल वरच्या वर दिसतं. सकाळी लावलेली ती बारीक आग दुपारच्या वाऱ्याने कधी पळते आणि डोंगर घेते. कुणाला डोंगर जाळायचा नसतो. टोपली भरायची असते.

नाकेदारांनी यावर उपाय काढला होता. फूल धरायच्या आधी ते स्वतः खराटा घेऊन निघत आणि एकेका झाडाखालचा पाला ओढून काढत. तिथे झाडं घराघरांत वाटलेली असतात. कागदावर नाहीत, पण गावात कुणी चुकत नाही. हे प्रत्येकाच्या झाडाखाली जाऊन झाडून येत. बरोबरचे नाकेदार त्यांना झाडूवाला म्हणायचे. हे म्हणत, “पालाच नाही तर काडी कायले लावतील?” दोन वर्षं त्यांच्या जंगलात आग लागली नाही.

तिसऱ्या वर्षी लागली. उन्हं चढल्यावर वारा सुटला आणि वरच्या टेकडीपर्यंत सगळं काळं झालं. ज्या झाडाखालून सुरू झाली, ते बहिणीचं झाड. गाव जमलेलं, वरचे साहेब येऊन उभे. नाकेदारांनी गुन्ह्याचं पुस्तक काढलं आणि तिच्यासमोर बसून लिहायला घेतलं. नाव लिहिलं. पुढच्या ओळीवर पेन थांबला. तेव्हा ती म्हणाली,

“लिहून राहिला ना? नीट लिही. बापाचं नावबी लिही. तोच तुझाबी आहे.”

त्यांनी लिहिलं. तिने अंगठा दिला आणि त्या दिवसापासून बोलणं बंद केलं. भांडण नाही, शिव्या नाहीत. यांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली होती, मूल नव्हतं. जगात ती एक बहीण होती. त्यांनी स्वतःच बदली मागून घेतली आणि आमच्या तालुक्यातल्या एका नाक्यावर येऊन राहिले. एक खोली, एक खाट, भिंतीवर कॅलेंडर.

आता तो प्रश्न. जगात जिथे जिथे जंगल राखतात, तिथे राखणारा माणूस कुठल्या तरी गावचा असणारच. त्याचं गाव जंगलाच्या कडेला असेल, तर एक ना एक दिवस त्याच्यासमोर त्याचाच माणूस उभा राहणार. तो काय करतो? आणि नंतर त्याच्याशी कुणी बोलतं का?

एवढंच त्यांना कळून घ्यायचं होतं.

प्रत्येक पत्राची सुरुवात एकच. मी जंगलात नोकरी करतो, आपणही करता, बरे असाल. मग आपल्या जंगलाची माहिती, मग त्यांच्या अडचणी विचारायच्या आणि शेवटी तो प्रश्न. मी नेटवर शोधून पत्ता काढी आणि ईमेल पाठवी. उत्तर आलं की छापून त्यावर दुकानाचा शिक्का मारायचा, हा त्यांचा आग्रह. शिक्क्याशिवायचा कागद त्यांना कागद वाटत नसे. मग मी मराठीत सांगायची आणि ते लांब रजिस्टरमध्ये लिहायचे. लाल पेनाने पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे ‘आपलं’, उजवीकडे ‘तिकडचं’.

पहिलं उत्तर अमेरिकेतून आलं. लहान मुलांसाठी असतं तसं एक पुस्तक, अस्वलाचं चित्र रंगवा, बरोबर उत्तरावर खूण करा. पूर्ण केल्यास बाल-रक्षकाचा बिल्ला मिळेल. पत्र वाचून त्यांना वाटलं असेल, कुणी पोरगं लिहितंय. मला वाटलं, यांना राग येईल. यांनी रंगपेटी विकत घेतली. पुढच्या बाजाराला अस्वल रंगवून आणलं, अगदी आपल्याकडचं काळं, छातीवर पांढरा पट्टा.

“बिल्ला येईल काय?”

“नाही यायचा, भाऊ.”

“वय जास्त झालं म्हणून?”

त्या उत्तराबरोबर तिकिटांची, गर्दीची माहिती होती. गाड्यांच्या रांगा लागतात, लोक अस्वलांना खायला घालतात, कचरा फार. नाकेदारांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘तिकडे जंगल पाहायला येणाऱ्याचा त्रास. आपल्याकडे जंगलात राहणाऱ्याला त्रास.’ मी त्यांचं अक्षर सुधारायला गेले नाही. मला तो मजकूर त्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात असेल त्यापेक्षा बरा वाटला.

फिनलंडच्या माणसाने कळवलं की आमच्याकडे कुणाच्याही जंगलात कुणीही फळं वेचू शकतं, कायदाच तसा आहे. अडचण एवढीच की गावात वेचणारेच उरले नाहीत, तरुण सगळे शहरात. नाकेदार म्हणाले, “म्हणजे परवानगी आहे, पण माणूस नाही.” त्या पावसाळ्यात त्यांनी त्याला चार पत्रं लिहवून घेतली. बर्फ किती पडला, एकटा राहतोस काय, चुलीवर काय शिजवतोस. जंगलाचं काहीच नाही. तिकडूनही तसंच येई. त्याने एकदा आपल्या कुत्र्याचा फोटो पाठवला. नाकेदारांनी तो रजिस्टरमध्ये खळीने चिकटवला, तिकडच्या रकान्यात.

नेपाळात एका राखीव जंगलाचं दार वर्षातून ठरावीक दिवस गावांसाठी उघडतात, लोक आत जाऊन गवत कापून आणतात. हे ऐकून ते खूश झाले. केनियातला गार्ड मात्र थेट होता. दुष्काळात गुराखी गाई आत घालतात, मी त्या पकडून कोंडवाड्यात नेतो, असं त्याने लिहिलं. कुणाच्या गाई, ते लिहिलं नव्हतं.

“त्याच्या चुलत्याच्या असतील,” नाकेदार म्हणाले.

“तसं लिहिलेलं नाही.”

“लिहील कसा? मी तरी लिहिलं काय?”

शेवटच्या प्रश्नाला मात्र सगळीकडून एकाच चवीचं उत्तर येई. आम्ही स्थानिक लोकांशी संवाद साधतो, बैठका घेतो, जनजागृती करतो. देश बदलला तरी उत्तर तेच. नाकेदार ऐकून घेत आणि त्या रकान्यात काही न लिहिता पान उलटत.

एके दिवशी ते म्हणाले, “ताई, तुम्ही शेवटचं काय लिहून राहिल्या? मराठीत सांगा बरं.”

मी पडद्यावरून वाचत सांगितलं. “संरक्षित क्षेत्रात स्थानिक लोकांनी आग लावल्यास आपण काय कार्यवाही करता?”

त्यांनी टोपी झटकली. “स्थानिक नाही, ताई. आपला माणूस म्हटलं होतं मी.”

चूक माझी होती. मी सरकारी इंग्रजी लिहीत होते, म्हणून सरकारी उत्तरं येत होती. दीड वर्ष. मी म्हटलं, मग नीट सांगा, आपला म्हणजे कोण? तेव्हा त्यांनी हे बहिणीचं सगळं सांगितलं, टोपीकडे बघत, हजेरी द्यावी तसं. गुन्ह्याचं पुस्तक, बापाचं नाव, अंगठा.

माझ्या डोक्यात अशा वेळी रडू येत नाही, हिशेब येतो. मी विचारलं, “तुम्ही सगळ्यांच्या झाडाखाली झाडून येत होता ना? मग त्या झाडाखाली पाला कसा होता?”

त्यांनी टोपी गुडघ्यावरून उचलून बाकावर ठेवली.

“ते एकच झाड नव्हतं झाडलं.”

“काऊन?”

“घरचं झाड होतं, ताई. सरकारी पगार खाऊन घरचं झाड झाडून राहिला म्हणतील लोक. तिन्ही वर्षं नाही झाडलं. आधी दोन वर्षं तिनं स्वतः झाडलं. मंग तिचे गुडघे गेले.”

हे असं आहे. लाच खाणारे, लाकडं विकणारे तुम्ही-आम्ही पुष्कळ पाहतो. इतका स्वच्छ राहिला की त्यातून डोंगर जळला आणि घर गेलं, असा माणूस मी हाच एक पाहिला. मी त्यांना तसं म्हटलं नाही. मी प्रश्न नव्याने टाइप केला. ‘तुझ्या सख्ख्या बहिणीने आग लावली आणि तू तिच्यावर गुन्हा लिहिलास, तर नंतर तू काय करशील?’ आणि दहा ठिकाणी पाठवून दिला.

त्यानंतर ते निवृत्त झाले. नाका सुटला, पण गावी गेले नाहीत. गोरेगावातच एक खोली भाड्याने घेतली. मी विचारलं, घरी का जात नाही. म्हणाले, “इथलं पाणी मानवलं.” रिकामा माणूस असूनही ते बाजाराच्या दिवशीच येत. फक्त दर फाल्गुनात त्यांचा एक बाजार चुकायचा. नोकरीत असतानाही चुकायचा. पुढच्या वेळी आले की तळहातावर फोड दिसत. मी एकदा विचारलं, तर “खराटा मारला” म्हणाले. मला वाटलं, खोली झाडली असेल. एका खोलीला एवढे फोड कसे, हा हिशेब तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

उत्तर आलं ते ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडून. दहातलं एकच. लिहिणारा तिथल्या मूळ लोकांपैकी, तिथल्या राखीव जंगलात गार्ड. पौषातली थंडी होती, नाकेदार स्वेटरवर टोपी धरून बसले होते. मी एकेक ओळ सांगत गेले.

त्याने लिहिलं होतं की आमच्याकडे आग लावणं हेच माझं काम आहे. पाऊस संपला की थंडीच्या दिवसांत, गवतावर दव असताना, थोडी थोडी लावत जायचं, म्हणजे पुढे उन्हाळ्यात मोठी आग लागत नाही. कुठे लावायची ते माझी आत्या दाखवते. इंग्रजीत आत्या की मावशी कळत नाही. मी आत्या केली. आधी कितीतरी वर्षं सरकारने तिला मनाई केली होती. तेव्हा तिचा भाऊ सरकारकडे कामाला होता आणि तोच तिला हाकलायचा. पुढे सरकारचं मत बदललं. तोवर भाऊ मेला होता. आत्या अजून आग लावताना त्याच्याशी भांडत असते. शेवटी लिहिलं होतं, ‘तू विचारलंस नंतर काय करशील. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहीन. ती लावेल, मी बघेन. एवढंच काम आहे.’

नाकेदारांनी टोपी झटकली नाही.

“म्हणजे तिचं चुकलं नव्हतं.”

मला हे खपलं नाही. मी म्हटलं, “भाऊ, तिकडचं गवत वेगळं, हवा वेगळी. ते थंडीत लावतात. आपल्याकडे चैत्रातल्या दुपारी सुटलेली आग डोंगर खाते, हे तुम्हीच मला सांगितलं.”

“हाव,” ते म्हणाले. “जंगल वेगळं आहे. भाऊ तोच आहे.”

त्यांनी रजिस्टर उघडलं. तिकडच्या रकान्यात काहीतरी लिहिलं, मग आपल्या रकान्यात लिहिलं. मी वाचलं नाही, त्यांच्या पाठीमागे चार पोरी शिष्यवृत्तीचे फॉर्म घेऊन उभ्या होत्या, शेवटची तारीख होती आणि साइट उघडत नव्हती. नाकेदार उठले नाहीत.

“अजून एक चिठ्ठी लिहा, ताई. मराठीत.”

“कोणाला?”

“दरेकसाले.”

“त्यांना वाचता येतं?”

“नाही. पोस्टमन वाचून दाखवते.”

मी मशीनवरून मान वर केली. “भाऊ, जगभर पत्रं लिहिली तेवढी पुरे झाली. सख्ख्या बहिणीला पोस्टमनच्या तोंडून काय सांगता? हे पत्र मी लिहीत नाही. सकाळच्या गाडीने जा, समोर बसा, बोला.”

“ती बोलत नाही.”

“तुम्ही बोला ना.”

त्यांनी थोडा विचार केला. पोरी खुसखुसत होत्या.

“हाव. जातो. मोह पडला की जातो. तेव्हा ती झाडाखाली असते.”

“आणि आता घरी नसते का?”

“घराले दार आहे ना, ताई.”

टोपी घातली आणि गेले. माझा सल्ला बरोबर होता असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. पण ते पत्र दहा मिनिटांचं काम होतं.

माघात एका सकाळी त्यांचा घरमालक दुकानात आला. हातात रजिस्टर. म्हणाला, मॅडम, याच्यात सगळीकडे तुमच्या दुकानाचा शिक्का आहे, म्हणून आणलं. नाकेदार परवा झोपेतच गेले. फोन करायला नातेवाईक सापडेना. शेवटी गावच्या पोलीस पाटलाचा नंबर मिळाला, गावचे लोक जीप घेऊन आले आणि घेऊन गेले. “हे रजिस्टर त्यांनी नाही नेलं. सरकारी असेल म्हणाले.”

मी ते काउंटरखाली ठेवलं. महिनाभर तिथेच होतं. मार्च म्हणजे माझ्या धंद्याचा हंगाम, दाखले, फॉर्म, कुणाला सवड. पण बाजाराच्या दिवशी दाटी संपली की मी बाकाकडे बघायची. एकदा फिनलंडहून ईमेल आला, कुत्रा म्हातारा झालाय, तुझं काय चाललंय. मी उत्तर लिहायला घेतलं आणि आपलं काय चाललंय ते मला सुचेना.

चैत्र लागल्यावर एक दिवस दुकान बंद ठेवलं, गोंदियाला गेले आणि पॅसेंजरने दरेकसाला उतरले. स्टेशनवर एका मोटारसायकलवाल्याला नाकेदाराचं घर विचारलं. तो म्हणाला, “बाईचं घर म्हणा ना.” त्याने आडवाटेने नेलं. वाटेत मोह लागत होते. काहींच्या खाली जमीन काळी, काहींच्या खाली स्वच्छ झाडलेली. त्याने एका झाडापाशी गाडी थांबवली.

या झाडाखाली घोटाभर पाला होता. त्यात एक म्हातारी पाय लांब करून बसली होती. एकेक पान उचलायची, खाली बघायची, फूल असलं तर टोपलीत टाकायची, नसलं तर पान बाजूला ठेवायची. मग अंगाने सरकून थोडं पुढे. टोपलीचा तळही झाकला नव्हता. नाकेदारांसारखंच नाक, तसंच खालचा ओठ दाबून बसणं.

“कोण वं तू?”

“गोरेगावची. तुमच्या भावाच्या चिठ्ठ्या लिहून द्यायची.”

“चिठ्ठ्या? कोणाले?”

मी सांगितलं. केनिया, नेपाळ, बर्फाचा देश. ती ऐकत होती आणि पानं उचलत होती.

“येडाच होता,” ती म्हणाली. मग, “काय विचारायचा त्याइले?”

मी तिच्यासमोर पाल्यातच बसले आणि ऑस्ट्रेलियाचं पत्र वाचून दाखवलं. पोस्टमनचं काम शेवटी मीच केलं. आत्या आग लावताना मेलेल्या भावाशी भांडते, त्या ओळीवर तिचा हात थांबला.

“बरं करते. मी नाही भांडली.” हात पुन्हा चालू. “आन् त्यानं काय लिहिलं? माझ्या नावानं?”

मी रजिस्टरचं शेवटचं पान काढलं. तिकडच्या रकान्यात होतं, ‘तिकडे ती लावते, तो जवळ उभा राहतो.’ आपल्या रकान्यात होतं, ‘एक झाड झाडायचे राहिले. चूक नाकेदाराची. तिची नाही.’ मी दोन्ही वाचलं.

“राहिलं कुठं?” ती म्हणाली. “दरसाल तर झाडून जायचा.”

मला समजलं नाही. मग तिने सांगितलं. बदली झाल्यापासून दर फाल्गुनात एक दिवस तो यायचा. आदल्या सांजेच्या गाडीने येऊन स्टेशनातच पडायचा, उजाडायच्या आत झाडाखाली. ऊन येईपर्यंत सगळा पाला काढायचा, ढीग पार ओढ्याच्या पलीकडे नेऊन टाकायचा आणि परत स्टेशनाकडे. घर दिसतं तिथून, हाकेवर. कधी पाणीसुद्धा मागितलं नाही.

“तुम्हाला माहीत होतं?”

“खराट्याचा आवाज येते ना, बाई. मी पडून राहायची आतमंदी. तो गेला का उठायची.”

“मग दार काऊन नाही उघडलं?”

तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

“त्यानं ठोकलं काय?”

बुंध्याला टेकून एक खराटा उभा होता. त्याच्या मुठीला खाकी कापडाची पट्टी गुंडाळलेली, दोऱ्याने शिवलेली. मी उठले आणि तो हातात घेतला. आले आहे तर निदान एवढं काम होईल, या विचाराने.

“राहू दे तो तिथंच.”

“अहो, तुमचे गुडघे असे. एकेक पान उचलून कधी वेचून होणार? फुलं सडतील.”

“गाववाले म्हणतेत, काडी लाव, अर्ध्या घंट्यात मोकळं होईल.”

“मग?”

तिने एक पान उचललं, खाली पाहिलं. फूल नव्हतं. पान बाजूला ठेवलं.

“लावून काय करू,” ती म्हणाली. “लिहायले कोण येईल?”

मी खराटा होता तसा बुंध्याला टेकवला. ती अंगाने थोडी पुढे सरकली आणि पुढचं पान उचललं.